बड्या घरची चांदी

लोकांच्या घरातल्या भांड्यांवर बोलू नये म्हणतात. पण भांडीच अशी असली, की जिभेला आवर घालणार तरी किती? इंग्लंडातल्या जुन्या चेशरमध्ये, मँचेस्टरच्या अलीकडे, डनहॅम मॅसी नावाचा एक वाडा आहे. अठराव्या शतकात तिथे जॉर्ज बूथ, म्हणजे वॉरिंग्टनचा दुसरा अर्ल, राहायचा. त्याच्याकडे चांदीची ताटं होती, चांदीची शमादानं होती, दारूच्या बाटल्या गार ठेवायला चांदीची घंगाळं होती. असू देत. अर्ल आहे, त्याने नाही मिरवायचं तर कुणी मिरवायचं? पण या गृहस्थाकडे रात्री पलंगाखाली ठेवायचं भांडंही चांदीचं होतं. आणि एखादं नव्हे, चांगली अनेक. नोकराने सकाळी ते उचलून न्यायचं, रिकामं करायचं, विसळायचं, वर पुन्हा उजाळा द्यायचा. शिव शिव!

बरं, पैसा वाडवडिलांचा होता म्हणावं, तर तेही नाही. बाप 1694 मध्ये गेला तो पोराच्या गळ्यात कर्जाचा डोंगर बांधून. पोरगा जेमतेम अठरा वर्षांचा. मग त्याने काय केलं, तर जे बड्या घरांनी नेहमीच केलं तेच: पैसेवाल्या घरची मुलगी बघितली. मेरी ओल्डबरी, लंडनच्या एका व्यापाऱ्याची लेक. हुंडा 40 हजार पौंड. आजच्या नव्हे, त्या काळच्या पौंडांत! व्यापाऱ्याला जावई अर्ल मिळाला, अर्लची देणी फिटली, आणि थोड्याच वर्षांत नवरा-बायकोचं असं बिनसलं, की एकाच वाड्यात दोघं परक्यासारखी राहू लागली. जेवण वेगळं, निजणं वेगळं. आणि जेवायला समोर बायको नाही, तरी टेबलावरची भांडी मात्र वर्षागणिक वाढतच चाललेली. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी कशाला म्हणू? तुम्हीच काय ते समजा.

यावर कडी म्हणजे 1739 मध्ये त्याने लेखक म्हणून नाव न घालता एक पुस्तक छापलं. विषय? स्वभाव जुळत नसतील तर घटस्फोट मिळायला हवा! अठराव्या शतकातल्या अर्लने! नाव घातलं नाही म्हणून काय झालं, लोकांना कळायचं ते कळलंच. आपल्याच संसाराची लक्तरं टांगायची आणि दोरीवर नाव लिहायचं नाही, म्हणजे झालं!

पण मला विचाराल, तर या माणसाचा खरा संसार त्या पुस्तकात नाही, एका वहीत सापडतो. 1750 मध्ये त्याने आपल्या सगळ्या चांदीची यादी केली. कुठलं भांडं, किती नग, आणि प्रत्येकाचं वजन. ही यादी आजही शाबूत आहे. इसाक लिजे, पीटर आर्शांबो असे एकाहून एक नामांकित कारागीर त्याने राबवले होते, त्यांच्या कामापुढे आजचे जाणकार हात जोडतात. आणि या पठ्ठ्याचा सारा जीव कशात, तर औंसात. हे काही त्याच्या एकट्याचं वेड नव्हे बरं का. त्या काळची बहुतेक मोठी भांडी उलटी करून बघा: तळाला बारीक अक्षरात वजन खरवडलेलं दिसतं. किती औंस, किती पेनीवेट. वर घराण्याचं चिन्ह, सिंह, रानडुकरं, मुकुट. आणि खाली, जिथे पाहुण्याची नजर जाणार नाही तिथे, रोकडा हिशेब.

कारण उघड आहे. ही भांडी म्हणजे ताटलीच्या रूपात ठेवलेली रोकडच होती. इंग्लंडच्या नाण्यातली चांदी आणि ताटातली चांदी एकाच कसाची: हजारात 925. वेळ आली की ताट आटवून नाणी, आणि मनात आलं की नाणी आटवून ताट. लोक तर याच्याही पुढे गेले. नाण्यांच्या कडा कातरायच्या, तो कीस साठवायचा आणि सोनाराकडे द्यायचा. सरकार अगदी रडकुंडीला आलं. 1696 मध्ये दारूच्या दुकानांत चमचे सोडून चांदीची भांडी मांडायला बंदी झाली. 1697 मध्ये भांड्यांच्या चांदीचा कसच वाढवून हजारात 958 च्या वर नेला, म्हणजे नाणी आटवून काम भागणार नाही. त्याला ब्रिटानिया कस म्हणतात. 1720 मध्ये पुन्हा जुना कस चालू झाला खरा, पण मधल्या बावीस-तेवीस वर्षांत हौशी मंडळींनी हात आखडता घेतला असेल असं वाटत असेल, तर तुम्ही बडे लोक पाहिलेलेच नाहीत. याच काळात खरी बहार आली.

बहार आणली ती फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगनो कारागिरांनी. चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, तशी ही मंडळी हातोड्या-छिन्न्यांसकट लंडनला आली. आणि खुद्द लुईने 1689 मध्ये लढाईच्या खर्चापायी व्हर्सायमधली आपली चांदीची टेबलं-खुर्च्यासुद्धा वितळवली. म्हणजे कारागीर इंग्लंडला आणि कलाकुसर मुशीत! इंग्रज हसले असतील. पण त्यांनी हसू नये, कारण तेही घरोघर तेच करत होते. आपल्याकडे पाटल्यांची मोड देऊन नव्या नमुन्याच्या बांगड्या करतात ना, अगदी तसंच. पणजोबांची सुरई जुन्या वळणाची दिसायला लागली, की गेली सोनाराकडे. चांदीचं वजन खात्यात जमा, आणि नवी वस्तू मिळणार ती घडणावळ मोजून. घडणावळीचा पैसा मात्र पाण्यात. मोडायला गेलात की त्याची कवडी परत नाही. आज संग्रहालयवाले ट्यूडर काळातली भांडी इतकी कमी का उरली म्हणून उसासे टाकतात. कुठे जाणार? नातवांच्या सूपच्या भांड्यांत गेली!

आता परराष्ट्र खात्याची गंमत ऐका. इंग्लंडचा राजदूत परदेशी निघाला, की त्याला सरकारी जामदारखान्यातून चांदी मिळायची. कारण तिथे राजाच्या नावाने पंगती वाढायच्या. साधी चांदी सुमारे 5,900 औंस, आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली हजारावर औंस. म्हणजे सगळी मिळून दोनशे किलोंच्याही वर. नियमाने ती परत करायची. पण परत करतोय कोण! राजाची मर्जी असली की माफीचा कागद निघायचा, आणि चांदी साहेबांच्या घरी कायमची मुक्कामाला. 1705-06 मध्ये लॉर्ड रॅबी बर्लिनला वकिलातीवर निघाला तेव्हा फिलिप रोलोने त्याच्यासाठी असं एक घंगाळ घडवलं, की त्यात एखादं मूल आरामात पोहेल. सत्तर किलोंच्या वर चांदी. का, तर जेवताना दारूच्या बाटल्या गार राहाव्यात. हा रॅबी पुढे स्ट्रॅफर्डचा अर्ल झाला, आणि त्याचा ताठा इतका होता, की जोनाथन स्विफ्टने आपल्या खासगी पत्रांत त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलंय. 2010 मध्ये ते घंगाळ लंडनला लिलावात सुमारे 25 लाख पौंडांना गेलं. परदेशी जायच्या वाटेवर होतं, तेव्हा सरकारने थांबवलं, आणि लीड्सच्या टेंपल न्यूसम संग्रहालयाने पैसे जमवून ते ठेवून घेतलं. आता सगळ्यांना बघता येतं. तेवढं बरं झालं.

घंगाळांचाच विषय निघालाय तर जर्निंगहॅमचं घंगाळ वगळून कसं चालेल? हेन्री जर्निंगहॅम हा लंडनचा सोनार-पेढीवाला. त्याने ठरवलं, की आजवर कुणी बनवलं नाही एवढं मोठं घंगाळ बनवायचं. मूर्तिकार रिसब्रॅकने मेणाचे नमुने केले, चार्ल्स कँडलरने चांदीत उतरवलं, 1735 च्या आसपास पुरं झालं. साडेपाच फूट लांब. वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास. खाली साखळदंडाने बांधलेले बिबटे, वर द्राक्षांचे घोस, दोन्ही कडांना मदिरेच्या धुंदीतली एक बाई आणि एक बुवा, अंगावर कपडे नावाला. घंगाळ झालं झकास; फक्त गिऱ्हाईक मिळेना! ड्यूक झाले, अर्ल झाले, सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं आणि हात मागे घेतले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. एवढी चांदी अडकून पडली, आता करायचं काय? जर्निंगहॅमने चक्क पार्लमेंटचं दार ठोठावलं. तेव्हा वेस्टमिन्स्टरला थेम्सवर पूल बांधायचं चाललं होतं आणि त्यासाठी लॉटरी निघायची होती. 1737 च्या त्या लॉटरीत हे घंगाळ बक्षीस म्हणून लावून दिलं. पार्लमेंटने सोनाराची अडगळ खपवली, असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही.

आणि लागलं कुणाला? ससेक्समधल्या ईस्ट मार्डन गावच्या मेजर विल्यम बॅटीनला. विचार करा, खेडेगावातला मेजर, आणि दारात हे धूड! ठेवायचं कुठे, भरायचं कशाने, आणि चोर आले तर? चोरांना मात्र उचलायला किमान चौघे लागले असते, तेवढाच दिलासा. मेजरच्या घरी ते टिकलं नाही. 1741 पर्यंत ते रशियाच्या राजदरबारी पोचलं आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना त्याची आठवण झाली, तेव्हा एल्किंग्टन कंपनीची माणसं साचे घ्यायला रशियात गेली आणि विजेच्या मुलाम्याच्या नकला करून आणल्या. अस्सल होतं तेव्हा कुणी घेईना, मग नकलेपायी साता समुद्रांपलीकडे पायपीट!

हे सगळं घडवणारे तरी धुतल्या तांदळाचे असतील म्हणावं, तर त्यांचीही नाडी हातात घेऊ या. 1720 पासून चांदीच्या भांड्यावर औंसाला सहा पेनी कर लागला. हजार औंसाच्या ऐवजावर 25 पौंड. वस्तू सोनारांच्या संघाच्या, म्हणजे गोल्डस्मिथ्स कंपनीच्या, हॉलमध्ये न्यायची, कस तपासून घ्यायचा, छाप मारून घ्यायचा आणि कर भरायचा. पण सोनारांनी तोड काढली. एखादी छोटीशी, दोन-चार औंसाची वस्तू छाप मारायला पाठवायची. छापाचा तेवढा तुकडा कातरून काढायचा आणि मोठ्या थोरल्या सुरईच्या तळाला डाख देऊन बसवायचा. कर भरला डबीचा, विकली सुरई! यात थोर थोर नावं आहेत. पॉल द लामेरी, ज्याच्या कामासाठी आज संग्राहक जीव टाकतात, त्याच्यावरही गोल्डस्मिथ्स कंपनीने बोट ठेवलं होतं, की हा भरपूर मोठी भांडी करतो, विकतो, पण छापायला आणत नाही. तोच पुढे कंपनीचा मानकरी झाला आणि चांदीतल्या फसवणुकीला आळा घालणारा कायदा करायच्या समितीवर बसला. बसवावा तर असाच माणूस. कुठे कुठे पाणी मुरतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? 1757 मध्ये खोट्या छापाला फाशीची शिक्षा आली, तेव्हा कुठे जरा वचक बसला.

टेबलावर काय काय मांडायचे, तेही ऐकण्यासारखं आहे. नळीच्या हाडातला मगज उकरायला वेगळी लांबट पळी. रस्सा कोमट राहावा म्हणून दुहेरी भिंतीचं, आत गरम पाणी भरायचं भांडं. त्याला म्हणायचं आर्गाइल, कारण आर्गाइलच्या ड्यूकला म्हणे स्वयंपाकघरातून येईपर्यंत गार झालेला रस्सा चालत नसे. चहाच्या डब्यांना कुलूप, किल्ली बाईसाहेबांच्या कमरेला, कारण चहा भलताच महाग. पण सगळ्यांत ज्याने मला गार केलं ते म्हणजे गाय. जॉन शुप नावाचा मूळचा हॉलंडकडचा कारागीर 1750 नंतर लंडनमध्ये चांदीच्या गाई करायचा. वीतभर लांब, चार पायांवर उभी, शेपूट वळवून पाठीवर आणलेली, तीच मूठ. पाठीवर छोटं झाकण, आणि त्या झाकणावर धरायला काय, तर एक माशी! झाकण उघडून आत साय ओतायची, आणि चहा वाढताना गाय वाकवली की साय येते तिच्या तोंडातून. तोंडातून हो! ज्या बाजूने यायला हवी ती बाजू सोडून. एखाद्या गवळ्याने पाहिलं असतं तर लाजेने मान खाली घातली असती. आणि लिलावात यांच्यासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. वुडहाउसने 1938 मध्ये अशाच एका गाईच्या चोरीभोवती अख्खी विनोदी कादंबरी गुंफली, ती उगीच नव्हे.

राजघराणं तरी कसं मागे राहील? प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा चौथा जॉर्ज. 1795 मध्ये याचं कर्ज सहा लाख पौंडांवर गेलं होतं, आणि पार्लमेंटने ते फेडावं म्हणून त्याने ब्रन्सविकच्या कॅरोलिनशी लग्न केलं. पुढे संसाराचं काय झालं ते विचारू नका, वॉरिंग्टनच्या घरासारखंच. कर्ज, मग लग्न, मग अबोला, आणि मग चांदी: बड्या घरांची ही वहिवाटच दिसते. याने रंडेल, ब्रिज अँड रंडेल या पेढीकडून सोन्याचा मुलामा दिलेला जो संच जमवला, त्यात आज चार हजारांहून जास्त नग आहेत आणि शाही मेजवान्यांना तो अजूनही मांडतात. जून 1811 मध्ये कार्लटन हाउसला त्याने जी मेजवानी दिली, तिथे दोनशे फूट लांब टेबलाच्या मधोमध पाण्याचा झरा वाहत होता आणि त्यात जिवंत मासे पोहत होते. बाप वेडाने घरात बंद, पोरगा टेबलावर ओढे काढतोय!

या सगळ्यात आपला काय संबंध म्हणाल, तर आहे. जालना जिल्ह्यातलं असई गाव. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आर्थर वेलस्लीपुढे हरल्या. नंतर त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी दोन हजार गिनींची भेट द्यायची ठरवली आणि त्यातून लंडनच्या कारागिरांकडून मुलाम्याची भांडी घडवून घेतली. डेक्कन सर्व्हिस असं त्यांचं नाव, लंडनच्या अॅप्सली हाउसमध्ये आहेत. हा वेलस्ली म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईच्या शिवारात माणसं पडली आणि लंडनच्या टेबलावर वाडगे चढले. इथे मला चेष्टा सुचत नाही.

तर आता हल्लीच्या संग्राहकांकडे वळू. लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवतात, तेव्हा जाऊन बघा. चांगले कोट घातलेले गृहस्थ कॉफीचं भांडं उलटं करतात, तोंडाजवळ नेतात आणि त्यावर हाऽऽ करून श्वास सोडतात. मला वाटलं, हा काय प्रकार? पण त्यात शहाणपण आहे. श्वासाची वाफ चांदीवर बसली, की छापाभोवती डाखाची रेघ असेल तर क्षणभर दिसते. एकाचं कुलचिन्ह खोडून दुसऱ्याचं कोरलं असेल तर तिथे पत्रा पातळ झालेला असतो. तो अंगठ्याने दाबून पाहतात. कारण नवश्रीमंतांनी दुसऱ्यांची चिन्हं घासून आपली कोरून घेतली, आणि काही दुकानदारांनी साध्या भांड्यांवर कुणाकुणाची चिन्हं चढवून दिली. पणजोबा विकत मिळायचे, नगाप्रमाणे.

घडवणारा बाप्या की बाई, असाही भेद हे वेड हल्ली करत नाही. हेस्टर बेटमन ही लंडनची विधवा. सही करता येत नव्हती, पण 1761 मध्ये स्वतःच्या नावाचा छाप नोंदवून तिने कारखाना असा चालवला, की बाप्ये बघत राहिले. विसाव्या शतकात अमेरिकनांना तिचं असं वेड लागलं, की तिच्या छापाचा चमचा म्हणजे दागिनाच. चमचा साधाच हो. पण बाईचा आहे म्हटल्यावर किंमत वर. मला यात काही गैर वाटत नाही. इतकी वर्षं बाप्यांचे चमचे महाग विकले गेले, आता हिचे जाऊ देत.

आणि चांदीचा भाव चढला, की ही सगळी कलाभक्ती कशी विरघळते तेही लोकांनी पाहिलंय. 1980 च्या जानेवारीत टेक्ससच्या हंट बंधूंनी चांदी दाबून ठेवली तेव्हा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला. इंग्लंड-अमेरिकेत लोक आजीचे टी-सेट पिशवीत घालून मोडीच्या दुकानासमोर रांगेत उभे. जॉर्जियन काळातलं किती काय मुशीत गेलं याचा पत्ता नाही. वॉरिंग्टनच्या अर्लला यात काही वावगं दिसलं नसतं. त्याने फक्त विचारलं असतं, वजन बरोबर धरलं ना?

मुशीतून वाचलेल्यांचेही हाल कमी नाहीत. बिअर प्यायचे मोठमोठे चांदीचे मग व्हिक्टोरिया राणीच्या काळात लोकांना ओशाळवाणे वाटू लागले. मग आजोबांच्या मगला पुढे चोच जोडायची, वर फुलं-पानं ठोकायची, आणि पाण्याचा जग म्हणून टेबलावर मांडायचा. दिसायला सोज्ज्वळ! पण कायद्याच्या नजरेत ही फेरफार केलेली वस्तू, आणि नव्या भागावर छाप नसेल तर ती विकता येत नाही. गोल्डस्मिथ्स कंपनीची जुन्या चांदीची एक समितीच आहे. संशयित माल तिथे जातो, जाणकार उलटसुलट करून बघतात आणि मालकाला सांगतात, की चोच काढून टाका, नाहीतर तिच्यावर रीतसर छाप घ्या. आजोबांची बिअर परत आणायची की आजीचा सोवळेपणा राखायचा, हे मालकाने घरी जाऊन बायकोशी बोलून ठरवायचं.